थोरल्याला सुरी कोण लावणार?

मुलुंड (प.)
२ ऑगस्ट

ती. आईस,
दर्शनाचा शि. सा. न. वि. वि.

फोन करून करून माझा घसा बसला, म्हणून शेवटी कागद घेतला. फोनवर तुझ्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, तुला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू आपल्या मनाने भरतेस. पत्र तरी चष्मा लावून दोनदा वाचशील.

कमलमावशी म्हणते, बाबा गेल्यापासून तू दिवसाला एक भाकरी खातेस आणि तीही अर्धी चिमण्यांना घालतेस. वजन अडतीस किलो! अगं, वाऱ्याने उडून जाशील एखाद्या दिवशी. शेजारी सख्खी बहीण राहते म्हणून मी निर्धास्त होते, पण मावशी तरी किती मागे लागणार? तू सरळ महिनाभर इकडे ये. नितेशची बोट दिवाळीपर्यंत परत येत नाही. घरात मी आणि माझं शिलाई मशीन, दोघीच. तुला तूपपोळी, खीर, वड्या, काय हवं ते करून घालीन.

आणि हो, बाबांनी पुडीत बांधून दिलेल्या बिया आठवतात ना? मागच्या अंगणात लावल्या होत्या. एकच उगवली, पण काय उगवली! तांबडा भोपळा धरलाय, मोठ्या कुकरएवढा झालाय. भाजी करावी म्हटलं तर घरात पुरुष नाही. तूच शिकवलंस ना, अख्ख्या भोपळ्याला बाईने पहिली सुरी लावायची नाही म्हणून! वॉचमन खंडू गावी गेलाय. नितेश बोटीवरून म्हणाला की सुरी मोबाइलच्या स्क्रीनला टेकव, मी इकडून बोट लावतो, झालं काम. चालेल का गं असं?

अजून एक गंमत. काल दुपारी भोपळा नळाजवळ होता. कपडे वाळत घालून वळले तर पायरीशी. वेल ओढली गेली असेल. तू हसशील, पण मी त्याला जागेवर जा म्हणून दटावलं.

येण्याचं कळव. माझ्यावर लोभ आहेच, तो थोडा स्वतःच्या पोटावरही कर.

तुझी,
दर्शना


बोरीवली (पू.)
६ ऑगस्ट

चि. सौ. दर्शना हिस आईचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोनदा नाही, चारदा वाचलं. अक्षर अजून कोंबडीचे पाय आहेत. कमलीला म्हणावं, चोंबडेपणा कमी कर. मी दीड भाकरी खाते.

मोबाइलला सुरी टेकवून चालेल का म्हणून विचारतेस? जावयबापूंना म्हणावं, उद्या सत्यनारायणालाही असंच बोट लावून बसाल. अजिबात चालायचं नाही गो बाय! भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा, असं माझी सासू सांगायची. त्याला बाईने सुरी लावणं म्हणजे आईने लेकाला लावणं. नितेश येईपर्यंत राहू दे तो वेलीवर. माझ्या पोटी मुलगा नाही, तर निदान माझ्या लेकीच्या अंगणात एक थोरला असू दे.

तो सरकला म्हणालीस त्याचं मला नवल वाटलं नाही. गिरणी बंद पडल्यावर तुझे बाबा इथल्या वन खात्याच्या रोपवाटिकेत लागले, तेव्हापासून वेलींशी बोलायचे. काकडीला रागवायचे, दोडक्याची समजूत घालायचे. मी वेड्यात काढायचे त्यांना. पण ते म्हणतील त्या बाजूला वेल जायची, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. तुझ्याशी तो नीट वागला तर तूही नीट वाग. दटावू नको.

येईन मी. इथे भिंतींकडे बघून कंटाळा आलाय. दोन कप चहा टाकते आणि मग आठवतं. पण रिक्षा, बस, टॅक्सी यांचं नाव काढू नकोस. मला गाडी लागते हे तुला ठाऊक आहे. ठाण्यावरून फिरून येईपर्यंत माझं आतडं बाहेर येईल. आपण बोरीवलीत जंगलाच्या या कडेला, तू मुलुंडला त्या कडेला. मधून तुझ्या बाबांची पायवाट आहे, तळ्याच्या अंगाने. पहाटे निघाले तर दिवे लागायच्या आत तुझ्या दारात. घट बसायच्या आधी मात्र मला परत यायला हवं, घट माझ्याच घरी बसतात.

काळजी करू नकोस हे सांगून उपयोग नाही, माझीच मुलगी तू. तरी थोडी कमी कर.

तुझी आई,
मालन


मुलुंड (प.)
११ ऑगस्ट

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? बहात्तर वर्षांची बाई, कमरेत वाकलेली, एकटी जंगलातून चालत येणार! तिथे बिबटे आहेत, आई. तुमच्याच गल्लीच्या तोंडाशी बोर्ड लावलाय. बाबा जायचे तेव्हा ते खात्याचे माणूस होते. मी रविवारी रिक्षा घेऊन येते. पिशव्या आणते, लिंबू आणते, आवळा सुपारी आणते, काय लागेल ते आणते. तू फक्त घरात बस.

थोरल्याची खबर ऐक. आता तो वॉशिंग मशीनएवढा झालाय. सेक्रेटरी चंद्रप्रकाशकाकांनी नोटीस लावली की पार्किंगमध्ये भाजीपाला ठेवू नये. मी ठेवला नव्हता, तो गेला होता. मी सहज म्हटलं, चल बाबा घरी. आई शप्पथ, तो माझ्यामागून निघाला! उड्या मारत, वेल ताणत, अंगणापर्यंत आला आणि मी थांब म्हटल्यावर थांबला. चंद्रप्रकाशकाका त्यांच्या स्कूटरवर बसूनच राहिले, किल्ली लावायचंही सुचेना त्यांना. आता नोटीस कोणी उतरवली ठाऊक नाही, पण उतरलीय.

बाबा असते तर किती हसले असते गं. मला त्याच्याशी बोलताना बाबांशी बोलल्यासारखं वाटतं. कधीकधी रडूही येतं, मग त्याच्यावर हात फिरवते.

रविवारी येते. लोभ वाढव, पण हट्ट वाढवू नकोस.

तुझी,
दर्शना


मुलुंड
१८ ऑगस्ट

चि. कमल हिस मालनताईचे आशीर्वाद.

तुझा जावई सहदेव इथे रोज कामाला येतो हे बरं झालं. त्याच्याच हाती हे देतेय. मी सुखरूप पोहोचले. दर्शना रविवारी रिक्षा घेऊन उभी राहिली असती, म्हणून शनिवारीच निघाले. दारात मला बघून आधी रडली, मग अर्धा तास ओरडली, मग गरम पोळीवर वाटीभर तूप ओतलं. लेक माझ्यावर गेलीय.

आता जे सांगतेय ते तुझ्यापाशी ठेव. दर्शनाला कळता कामा नये, तुला माझी शपथ.

तळं ओलांडून चढ लागतो ना, तिथे बिबट्या आडवा आला. पळायचं म्हटलं तरी पळणार कुठे, काठी टेकत उभी राहिले. म्हातारा आहे गो तोसुद्धा, एक कान फाटलेला, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. चक्क बोलला. म्हणाला, चार दिवस पोटात काही नाही, तुला खाणार. मी म्हटलं, बाबा रे, माझ्याकडे नीट बघ, हाडं चघळून तुझेच दात पडतील. लेकीकडे चाललेय, तूपपोळी खाऊन जाडजूड होऊन येते, मग खा. त्याने विचार केला. मग म्हणाला, तोवर तुमच्या गल्लीत उतरून बघतो, तिथे पोरं खेळतात.

कमल, आपल्या गल्लीतल्या द्रौपदीची नातवंडं डोळ्यांसमोर आली. मी तिथेच शब्द देऊन टाकला. घट बसायच्या आदल्या दिवशी याच वाटेने परत येईन, जाड होऊन येईन. तोवर गल्लीत पाऊल टाकायचं नाही. त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत वाट त्याची, मी सापडले तर त्याची, नाहीतर त्याने पुन्हा आपल्या वस्तीचं नाव काढायचं नाही. त्याने ऐकलं आणि बाजूला झाला. मी चालत सुटले.

खरं सांगू? मला फार भीती वाटली नाही. हे गेल्यापासून सकाळी डोळे उघडतात आणि वाटतं, उघडले कशाला? माझं सगळं करून झालंय. पोरांचं व्हायचं आहे. देवाने काढलेली वाट म्हणायची. तुळशीला पाणी घाल, आणि डोळे पुसत बसू नकोस.

शपथ विसरू नको. माझा तुझ्यावर किती जीव आहे ते तुला ठाऊक आहे, लिहीत नाही.

तुझी,
ताई


बोरीवली (पू.)
३१ ऑगस्ट

चि. सौ. दर्शना हिस कमलमावशीचे आशीर्वाद.

फोन केला असता, पण तू स्पीकरवर टाकतेस. आणि ताईला स्वतःच्या फोनवर काही ऐकू येत नसलं तरी दुसऱ्याच्या फोनवरचं शब्दन् शब्द ऐकू येतं. म्हणून सहदेवच्या हाती चिठी. मोरीत जाऊन वाच.

मी शपथ मोडतेय. ताईने घातली होती, तेरा दिवस पाळली, आता नाही जमत. जेवण जात नाही. मोडल्याचं काय पाप लागायचं ते मला लागू दे, पण माझी बहीण जाता कामा नये. तिचंच पत्र सोबत जोडलंय, वाच.

वाचलंस? आता ऐक. ती म्हणते ते खोटं नाही. परवा भर दुपारी मी पापड वाळत घालत होते. कंपाउंडच्या भिंतीवर तो बसला होता, फाटक्या कानाचा. ताईच्या दाराला कुलूप आहे ते बघत होता. खाली द्रौपदीची नातवंडं लगोरी खेळत होती, त्यांच्याकडे मान वळवलीन् नाही. शब्दाला पक्का आहे मेला! थोडा वेळ बसला आणि जंगलात निघून गेला. माझ्या हातातलं ताट पडलं, पापडांची वाट लागली.

तू तिला सोडू नकोस. कोंडून ठेव, पाय मोडला म्हणून प्लास्टर घाल, काहीही कर. आणि गाढवे, ते तूप आधी बंद कर! तू तिला कोणासाठी जाड करतेयस?

देवीला नवस बोललेय. तुझ्यावर राग नाही, सगळा त्या मेल्यावर आहे.

तुझी मावशी,
कमल


मुलुंड (प.)
१४ सप्टेंबर

ती. कमलमावशीस,
दर्शनाचा शि. सा. न. वि. वि.

मोरीत नळ सोडून बसले होते मी, तास झाला तरी बाहेर आले नाही. मावशी, मी रोज सकाळी तिला वजनकाट्यावर उभी करायचे आणि किलो वाढला की टाळ्या वाजवायचे गं. अडतीसची सेहेचाळीस झाली होती. गालावर तकाकी आली होती. मी सोसायटीतल्या बायकांना बोलावून दाखवत होते.

तूप बंद केलं. पोळी बंद केली. दोन वेळा मुगाचं पाणी दिलं. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं की तुझ्या घरात मी जड झाले का. मग मला राहवेना. भांडण झालं, असं भांडण लग्नातल्या मानपानावरूनही झालं नव्हतं. मी म्हटलं, बिबट्याला दिलेला शब्द कोण पाळतं? ती म्हणाली, त्याने पाळलाय ना. मग म्हणाली, मी गेले नाही तर तो द्रौपदीच्या दारात बसेल, ते तुला चालेल का? वन खात्याला कळवू म्हटलं तर म्हणाली, काय कळवणार, म्हातारीने बिबट्याला तारीख दिलीय?

पण तिची शेवटची गोष्ट मला लागली. ती म्हणाली, मला मुलगा असता तर तो पोहोचवायला आला असता, मग मी बघितलं असतं. मी तिला म्हटलं, मी आहे ना, मी येते. त्यावर म्हणाली, तू आलीस तर एकीच्या जागी दोघी जातील. आणि भिंतीकडे तोंड करून झोपली, भर दुपारी.

तेवढ्यात अंगणाचं दार वाजलं. थोरला आला होता. आता तो गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीएवढा आहे, दारातून आत मावत नाही. वेल वाळली होती आणि देठ आपोआप सुटला होता. दाराला टेकून उभा राहिला आणि हलेना. मी हात ठेवला, टकटक केलं. आतून पोकळ आवाज आला. मावशी, एक म्हातारी आरामात मांडी घालून बसेल एवढा पोकळ!

पण तो चिरायचा कोणी? खंडू गावाहून आलाय, त्याला कोयता दिला तर म्हणाला, ताई, ही वस्तू चालते, मी हिला हात लावणार नाही. चंद्रप्रकाशकाकांना विचारलं, त्यांना अचानक पुण्याला जावं लागलं. नितेश हजार मैलांवर. सात दिवस उरलेत. नवस चालू ठेव, आणि मला चांगलं म्हणत राहा. सध्या त्याची गरज आहे.

तुझी,
दर्शना


मुलुंड (प.)
२१ सप्टेंबर, सकाळ

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुझ्या पायाशी ठेवतेय. तोंडावर सांगायला गेले तर मी रडेन, आणि तू यंत्र काढून ठेवशील. उजेडासाठी बॅटरी पिशवीच्या वरच्या खणात आहे. झाकण बंद झाल्यावर बसल्या बसल्या वाच.

काल सकाळी मी आंघोळ केली, थोरल्याला हळदकुंकू लावलं आणि त्याला सगळं सांगितलं. म्हटलं, तू घरातला थोरला. थोरल्याने आईला पोहोचवायचं असतं. पुरुष मिळाला नाही, म्हणून मीच सुरी लावतेय. नको असेल तर आत्ताच उडी मारून जा, मी रागावणार नाही. तो जागचा हलला नाही. बाबांचं नाव घेतलं आणि पहिला काप घातला. तू खिडकीतून बघत होतीस हे मला ठाऊक आहे. मला वाटलं ओरडशील. तू ओरडली नाहीस. बाहेर आलीस आणि हातात डाव घेऊन माझ्याबरोबर आतला गर काढायला बसलीस. आपण दोघींनी किती वर्षांनी एकत्र काम केलं गं.

शब्दाचं मनाला लावून घेऊ नकोस. मी तुझं पत्र पाठ होईपर्यंत वाचलंय. त्याच दिवशी परत येईन म्हणालीस, चाललीस. त्याच वाटेने, तीच वाट. जाड होऊन, झालीस. सापडले तर त्याची, असं ठरलं होतं. सापडायला मदत करीन असं काही ठरलं नव्हतं. सूर्य मावळेपर्यंत सापडली नाहीस की तुझाही शब्द राहिला आणि गल्लीतली पोरंही राहिली.

थोरल्याला फक्त चल म्हण. थांब म्हणू नकोस, तो लगेच ऐकतो. वाटेत कोणी काही विचारलं तर म्हातारी बघितली नाही म्हणायचं आणि पुढे. गप्पा मारत बसू नकोस. दारात कमलमावशी असेल, तिने आरतीचं ताट तयार ठेवलंय.

आता खरी गोष्ट. मावशीच्या पत्रात तू लिहिलंस की डोळे उघडतात कशाला असं वाटतं. ते वाचल्यापासून मी नीट झोपले नाही. मला वाटायचं, तुला पेटीत घालून पाठवलं तरी तू मधेच बाहेर येशील आणि त्याच्यासमोर उभी राहशील. पण काल गर काढून झाल्यावर मी त्याचे घारगे तळले. तू चार खाल्लेस. मी ताट उचलायला आले तर तू ताटावर हात ठेवलास आणि म्हणालीस, अजून एक वाढ. आई, बाबा गेल्यापासून तू पहिल्यांदा काहीतरी मागून घेतलंस. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. तुला जगायचंय, हे तुला कळलं की नाही माहीत नाही, मला कळलं.

मी तुला त्या फाटक्या कानाच्यासाठी जाड केली नाही. माझ्यासाठी केली. मला आई हवीय, अजून बरीच वर्षं हवीय. तेवढं लक्षात ठेव आणि आत घट्ट बसून राहा.

तुझी मुलगी,
दर्शना

ता. क. – उजव्या हाताला डबा आहे. तूपपोळी, वरून गूळ. जंगल संपायच्या आत संपव. एक ग्रॅमने जरी कमी होऊन घरी पोहोचलीस तर गाठ बिबट्याशी नाही, माझ्याशी आहे.